गोष्टीचा पुढचा तुकडा

काम साधं होतं. ताईच्या कॉम्प्युटरमधून तिच्या आवाजातली गोष्ट पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, एवढंच. ताईला जाऊन चार महिने झाले होते. तिची चार वर्षांची मुलगी, आमची चिमणी, दुपारी त्या गोष्टीशिवाय झोपत नसे, आणि आठवडाभर कॉम्प्युटर धड सुरू होत नव्हता. घरात रडून झालं होतं. आता आई आणि मी नुसत्या जेवत होतो आणि भांडी घासत होतो.

दुरुस्तीवाले दादा फोनवर म्हणाले, "सुरू होताना तो स्वतःच डिस्क तपासायला घेईल. दहा सेकंद मिळतील. कुठलंही बटण दाब आणि तपासणी टाळ. आधी कॉपी, मग दुरुस्ती. उलटं केलंस तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

"पण तपासलं तर बिघडतं कुठे?"

"मोडकी डिस्क आहे ती. तपासणी एक सांधायला जाते, दुसरं फाडते. तू फक्त दचकू नकोस, म्हणजे मिळवली."

मी दचकले. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे उलटे मोजले जाऊ लागले, डिस्क आतून कट्... कट्... वाजली, आणि माझा हात आपोआप मागे आला. बोट पुन्हा पुढे नेईपर्यंत तपासणी सुरू झाली होती.

चाळीस मिनिटं. खोलीत तापलेल्या धुळीचा वास. शेवटी कॉम्प्युटर उघडला तेव्हा गोष्ट जागेवर नव्हती. एका नव्या फोल्डरात मात्र बिननावाचा, नुसत्या आकड्याचा एक तुकडा होता. जे तुकडे कोणाचेच नाहीत असं तपासणीला वाटतं, ते ती तिथे आणून टाकते, हे दादांनी नंतर सांगितलं.

मी तो लावला. ताईच होती.

"...मग कोल्हा विहिरीपाशी आला, आणि वाकून बघतो तर..."

आई ओल्या हातांनी दारात उभी होती. "हे कधी वाचलं तिने?"

वाचलं नव्हतंच. ताईची गोष्ट विहिरीच्या आधीच तुटायची. तिथे तिला खोकला आला होता आणि तिने रेकॉर्डिंग थांबवलं होतं. चिमणीला तो खोकलासुद्धा पाठ होता.

"परत तपासायला लाव," आई म्हणाली.

"दर वेळी काहीतरी जाईल, आई."

"जाऊ दे गं. जायचं ते गेलंय."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच बटण दाबलं नाही. नवा तुकडा आला, ताईच्या लग्नाचे फोटो गेले. तिसऱ्या दिवशी आणखी एक आला, तिची सगळी पत्रं गेली. कुणी हळहळलं नाही. गोष्ट पुढे सरकत होती.

"एवढी हौस होती तर तेव्हाच नाही का पुरी करायची?" आई पडद्याला म्हणाली. ताईला यायला उशीर झाला की असाच टोमणा मारायची.

चौथ्या दुपारी चिमणी माझ्या मांडीवर होती, तोंडाचा पट्टा चालूच. तपासणी संपली. काय गेलं ते मी आधी बघायची. ताईचं आता काही उरलंच नव्हतं. या वेळी चिमणीच्या नावाचं फोल्डर रिकामं होतं. तिचं पहिलं हसणं, पहिले बोबडे शब्द, सगळं.

मी तुकडा लावला.

"...आणि विहिरीतून कोण बोललं, सांग बघू?"

ताई थांबली. आणि तिथेच, तिच्या अगदी जवळून, चिमणी म्हणाली, "मी, आई..."

मी खाली बघितलं. मांडीवरच्या चिमणीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, धक्का असेल, बोलेल हळूहळू. आम्ही मान डोलावली. दादांनी डिस्क काढून हातात दिली. "ही मेली आता. फिरणारसुद्धा नाही." मी ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

त्यानंतर चिमणी रोज दुपारी उशी घेऊन कपाटाला कान लावून बसते. मधूनच हसते. काल आईने तिला सहज विचारलं, "अजून किती राहिली गं गोष्ट?"

चिमणीने आईकडे बोट केलं. मग माझ्याकडे.

आई "बरं" म्हणाली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.