खरं बोलणारं गिऱ्हाईक

माझ्या चष्म्याच्या दुकानात तो पहिल्यांदा आला, तेव्हा चष्म्याची एक काडी त्याच्या हातात होती आणि उरलेला चष्मा खिशात.

"यावर बसलो मी," तो ओशाळून म्हणाला.

"चष्मा नाकावर बसवायचा असतो. आपण त्यावर नाही!"

तो मोकळेपणी हसला. काडी जोडून मी चष्मा त्याच्या कानांवर नीट करत होते, तेव्हा त्याची नजर माझ्या कपाळावर होती. डोळ्यांवर नाही... कपाळावर. विग सरकला की काय?

तीन वर्षांपूर्वी माझे केस गेले. आधी बटणाएवढा एक चट्टा, मग सगळेच. भुवयासुद्धा. 'शरीर स्वतःच्याच केसांना परकं समजतं. जिवाला धोका नाही,' डॉक्टर म्हणाले होते. जिवाला नव्हता; पण माझं पोहणं सुटलं, मैत्रिणींच्या फोटोंमधून मी गायब झाले आणि प्रत्येक नजरेचा संशय येऊ लागला.

तो पुन्हा आला. स्क्रू ढिला. मग पुन्हा... बोलता बोलता कळलं, तो पोहायला शिकवायचा.

"या ना एकदा तलावावर," तो म्हणाला.

"केस ओले होतात."

तो काहीतरी बोलणार होता — पण शब्द गिळले. का गिळले?

मग एका दुपारी काचेतून दिसलं — समोरच्या फुटपाथवर तो माझ्या ताईशी बोलत होता. ती हातवारे करून सांगतेय, तो मान डोलावतोय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताईनंच धाडलंय याला! दया म्हणून!

तो आत येताच मी विचारलं, "ताईनं पाठवलंय तुम्हाला?"

"पाठवलं नाही, अडवलं. म्हणाल्या, चष्मा सारखा मोडतो कसा? इरादा काय?"

"आणि केसांचं सांगितलं."

"हो. म्हणाल्या, पळायचं असेल तर आत्ताच पळ. पण मला अंदाज होता... पहिल्याच दिवशी विग जरा वाकडा झाला होता. सांगावं कसं, कळेना."

माझा संताप झाला. मी विग उतरवून काउंटरवर ठेवला.

"घ्या, बघा! आता म्हणा, काहीच फरक पडत नाही. सगळे हेच म्हणतात."

तो तसं म्हणाला नाही.

"दचकलो," तो हळूच म्हणाला. "थोडासा. एक मिनिट थांबा... नीट बघू द्या."

मी त्या वाक्यात खोट शोधली. सापडेना. तीन वर्षांत 'दचकलो' असं कुणीच कबूल केलं नव्हतं.

"झालं बघून?" मी विचारलं.

"नाही अजून. तुझे कान फार सुंदर आहेत... आज कळलं."

"तुझे?"

"हरकत आहे?"

बाहेर ताई काचेला नाक लावून उभी होती. मी तिला हातानंच पिटाळलं आणि त्याच्याकडे वळले.

"नाही हरकत. पण आता माझी पाळी. तो चष्मा काढ... मलाही तुला नीट बघू दे."