‘टॉवरखाली ये’ची तिसरी आवृत्ती

वाहिदभाईंच्या गादी कारखान्याची मागची खोली म्हणजे आर्णीतला सगळ्यात भारी स्टुडिओ, असं त्यांच्या पोराचं, असिमचं ठाम मत होतं. चहूबाजूंना कापसाची पोती, त्यामुळे आवाज घुमत नाही. फक्त अब्बांनी पिंजायची मशीन बंद ठेवायला हवी. असिमचा लॅपटॉप आणि अश्वजितचा कीबोर्ड एवढाच त्यांचा बँड. त्यांचं पहिलं गाणं, ‘टॉवरखाली ये’, तिथेच झालं. गायली अश्वजितची बहीण प्रियंका. दिवाळीत गाणं इंटरनेटवर सोडलं. ऐकलं पाहुण्यांनी, तेही फोन करकरून सांगितल्यावर.

असिमच्या घरची रीत अशी, की गादी दबली की उसवायची, तोच कापूस पिंजायचा आणि नव्या खोळीत भरायचा. गाण्यालाही त्याने तोच न्याय लावला. लय वाढवली, प्रियंकाच्या आवाजावर इको चढवला आणि जुनी खोळ फेकावी तशी मूळ फाइल पुसून टाकली. नवी आवृत्ती संक्रांतीला बाहेर पडली. त्याच दिवशी प्रियंकाचा घसा बसला.

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. प्रियंकाला मात्र रडू आवरेना. यवतमाळला रेडिओवर निवेदिकेच्या जागेसाठी आवाजाची चाचणी तोंडावर आली होती. त्या एका नोकरीसाठी ती कधीपासून आरशासमोर बातम्या वाचत होती.

तिसरी आवृत्ती काढली ती लग्नातल्या डीजेंसाठी. नुसतं संगीत, आवाज पूर्ण काढलेला. ती सोडली आणि खाली पहिलीच कमेंट आली, ‘पोरगी कोण आहे बे? काय गाते!’

अश्वजितने हेडफोन लावले. प्रियंका गात होती. आधीपेक्षा स्वच्छ. प्रत्येक ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. हेडफोन काढून तो असिमकडे वळला.

“आवाज काहून ठेवला बे?”

“म्या नाही ठेवला, भाऊ. हे पाह्य. आवाजाची फाइलच नाही इथं.”

अश्वजित घरी आला. प्रियंकाने त्याच्याकडे पाणी मागितलं, तेही हातानेच. मग तिने तोंड उघडलं, ओठ हलवले. साधा खाकरल्याचाही आवाज आला नाही.

अश्वजित भ्याला. गाडी वळवून तो तसाच कारखान्यात गेला.

“आत्ताच्या आत्ता काढ ते गाणं. सगळीकडून.”

“काढतो. पण मूळ फाइल नाही आपल्यापाशी,” असिम चाचरत म्हणाला. “तिचा आवाज यातच अडकला असन तर?”

अश्वजितने डोळे मिटून स्वतःच डिलीटचं बटण दाबलं.

फोन वाजला.

“दादा! आला माहा आवाज!”

तो तिथेच कापसावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

चाचणीत प्रियंका पहिली आली. इतका तयार आवाज आम्ही ऐकलाच नव्हता, असं परीक्षक म्हणाले. आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

अश्वजित घरात शिरला तेव्हा प्रियंका डबा घेऊन समोर आली.

“दादा, पेढा घे ना.”

बोलून तिने एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. ओठ मिटून ती चावू लागली.

‘घे ना… घे ना…’ तिचाच आवाज, इको चढवल्यासारखा, हळूहळू विरत गेला.