नळ कोणी बंद केला?

कॅन्टीनच्या रांगेत ती कधी बोलत नसे. ट्रे घ्यायचा, खिडकीजवळचं टेबल गाठायचं, जेवायचं आणि वर निघून जायचं. पण त्या दुपारी अख्खी इमारत एकाच गोष्टीवरून भांडत होती, आणि त्या गोष्टीचं उत्तर तिला माहीत होतं.

सकाळीच त्या मालिकेचा शेवटचा भाग आला होता. खुनी आपला सख्खा भाऊच आहे, हे इन्स्पेक्टरबाईंना कळतं. त्या त्याच्या घरी जातात. तो पाठमोरा उभा राहून कप विसळत असतो. बाई पिस्तूल रोखतात... आणि पडदा काळा. संपलं.

"झाडली की नाही, एवढं सांगायला काय जात होतं मेल्यांचं?" वाढणाऱ्या मावशींनी डाव आपटला.

"झाडली," ती म्हणाली. "काळोख झाल्यावर गोळीचा आवाज येतो. मी ऐकलाय."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "नाही येत."

तिनं वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, कानांवर रुळणारे केस... आणि हातात ओली छत्री. तिचं पाणी नेमकं हिच्या चपलेवर ठिबकत होतं.

"काळोखात नळ वाहत राहतो," तो म्हणाला, "आणि मग कोणीतरी तो बंद करतं. बस्स. गोळीबिळी काही नाही."

"नळ ऐकू आला आणि गोळी नाही?"

"नाही."

"मग एकदा कान तपासून घ्या."

असा हशा पिकला, की मावशींनी डाव सोडून टाळी दिली. तोही हसला. पण हसण्याआधी, क्षणभरच, त्याचा हात डाव्या कानावरच्या केसांकडे गेला. तिला ते दिसलं. अर्थ लागला नाही.

तो तळमजल्यावरच्या वाद्यांच्या दुकानात पियानो सुरात लावायचं काम करत असे. दुकान त्याच्या बहिणीचं. आणि गोळी ऐकलेली ती तिसऱ्या मजल्यावर, आपल्या मामांच्या दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवत असे. मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवताना मान वर करायची सोय नसते. म्हणून मामा फोन फळीवर उभा करून ठेवत, आणि दोघं मालिका ऐकत. ही गोष्ट मात्र तिनं कॅन्टीनमध्ये कुणाला सांगितली नव्हती. ज्या शेवटावर ती एवढ्या तावातावानं बोलली, तो तिनं पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे घेऊन थेट तिच्या टेबलापाशी आला.

"बंदूकवाल्या बाई, बसू का?"

"छत्री लांब ठेवणार असाल तर."

तो बसला, लगेच उठला, आणि टेबलाला वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला बसला. रोज तेच. ती त्याच्या उजव्या हाताला येईल, असंच तो बसे. आपली उजवी बाजू जास्त देखणी दिसते असं वाटत असेल याला, असं म्हणून ती मनात हसायची. आणि मग, खरंच दिसते, असंही वाटायचं.

"समजा झाडली," तो म्हणे, "मग नळ कोणी बंद केला? मेलेल्या भावानं?"

"बाईंनी. पाणी वाया जाऊ नये म्हणून."

"भावाला मारून पाणी वाचवलं?"

"सरकारी नोकर आहेत. शिस्त असते."

तो हसला की डोळे पूर्ण मिटायचे. हल्ली जेवायला जाताना ती हातांवरचं साच्यांचं प्लास्टर नखांच्या कडांपर्यंत घासून काढायची. मामांच्या ते लक्षात आलं होतं. ते काही बोलत नव्हते, नुसतं खाकरत होते.

पण तिचा ठामपणा कॅन्टीनभर पसरला. "बारीकसा येतो हो आवाज, नीट कान दिला की," मावशी सांगू लागल्या. लेखापालांना ऐकू आला, लिफ्टवाल्यांना आला. जो तो मान डोलवू लागला.

एकदा त्यानं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला... खरंच ऐकू आली?" आवाजात थट्टा नव्हती.

"अगदी स्वच्छ. मामांनीही ऐकली. दोन साक्षीदार आहेत, आता तरी हरलो म्हणा!"

तो ताटाकडे बघत राहिला. "हरलो," म्हणाला. ती जिंकल्याच्या आनंदात जिना चढून गेली.

त्यानंतर तो जेवायला आलाच नाही.

एक दिवस गेला, मग आणखी काही. शेवटी, सहज डोकावल्यासारखं करत, ती दुकानात शिरली. त्याची बहीण सतारीवरची धूळ पुसत होती.

"तो घरी आहे," तिनं विचारल्यावर ताई म्हणाल्या. "काम बंद केलंय त्यानं. लहानपणी तापात डावा कान गेला, त्यात ऐकायचं यंत्र आहे. सगळी मदार उजव्यावर. आता म्हणतो, उजवाही चाललाय. कसल्याशा मालिकेत सगळ्यांना गोळी ऐकू येते, याला येत नाही! हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकत बसतो. नाट्यगृहाचा मोठा पियानो मिळाला होता लावायला. किती वर्षं वाट पाहत होता... काल नाही म्हणून कळवून टाकलं."

"डॉक्टरांना..."

"जायला तयार नाही. भीती वाटते त्याला. त्यात कॅन्टीनमध्ये कोणी बाई सगळ्यांदेखत म्हणाली, कान तपासून घ्या. काय जिभा असतात एकेकीच्या!"

ती बाई मीच, हे शब्द तोंडाशी आले आणि तिथेच राहिले. तिनं नुसती मान हलवली. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं! जिना चढताना तिला स्वतःच्या कानांच्या पाळ्या पेटल्यासारख्या वाटत होत्या. रोज खुर्ची का बदलायचा तो... आणि आपण देखणेपणावर हसत होतो.

वर आल्यावर तिनं फोन फळीवर ठेवला आणि शेवटचा भाग लावला. त्याला निदान गोळीची नेमकी जागा तरी दाखवू, हा विचार. हातात अर्धवट कवळी होती. कपांचा खळखळाट. बाईंचा श्वास. मग नळ, नुसता नळ... आणि कोणीतरी तो फिरवून बंद केल्याचा बारीक आवाज.

गोळी नव्हती.

तिनं पुन्हा लावला. कवळी खाली ठेवून, फोन कानाशी धरून ऐकला. नव्हती. आणि तेवढ्यात बाकाखालच्या हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी भरली, मोटर थांबली, झडप सुटली: फट्!

"ही बघ, सुटली गोळी," मामा मान वर न करता म्हणाले.

मग त्यांचा हात थांबला. दोघांनी हळूहळू बाकाखाली पाहिलं.

तो आवाज दिवसभर होत असे, म्हणून तो कधी ऐकूच येत नसे. त्या दिवशी मात्र तो नेमका काळ्या पडद्यावर पडला होता. पडद्याकडे डोळे असते, तर आवाज बाकाखालून आल्याची निदान शंका आली असती. दुसऱ्यांदा ऐकलं असतं तर प्रश्नच नव्हता. विज्ञान शिकलेली ती, एकदाच पाहून काढलेला निष्कर्ष तिनं कधी कुणाचा मान्य केला नसता... आणि इथे पाहिलंही नव्हतं.

"मामा, मी काय केलं हे!"

"आपण दोघांनी," मामा म्हणाले. "मी येतो सोबत."

"नको. बोलले मी होते."

ताईंकडे जाऊन तिनं आधी एवढंच सांगितलं: "ती बाई मी." ताईंनी फडकं ठेवलं आणि त्याला फोन लावला.

तो आला तो छत्रीशिवाय, भिजून. तिनं सगळं सांगितलं. सांगताना एकदाही त्याच्याकडे बघता आलं नाही. तो म्हणाला, "दया म्हणून सांगत असाल, तर नको."

"वर चला. स्वतः ऐका."

प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांमध्ये दोघं उभे राहिले. मामा कधी नव्हे ते गॅलरीत हवा खायला गेले होते. कॉम्प्रेसर घरघरत होता. तिनं फोनवर तो भाग लावला. नळ वाहिला... बंद झाला... शांतता. आणि मग, फट्!

तो दचकला. मग डोळे पूर्ण मिटून हसायला लागला, आणि हसता हसता भिंतीला टेकला. हसणं थांबलं तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"मी त्या पियानोला नाही म्हटलं," तो म्हणाला. "तुम्ही एकदा पुन्हा ऐकलं असतं, तर..."

"हो," ती म्हणाली.

तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रांगेत उभी राहिली, आणि आपला नंबर आल्यावर ट्रे न उचलता मोठ्यानं म्हणाली, "त्या शेवटात गोळीचा आवाज नाही. तो आमच्या कॉम्प्रेसरचा होता. मी मालिका कधी पाहिलेली नाही, नुसती ऐकलीय. आणि कान तपासून घ्या म्हणाले, तेही चुकलं."

आणि मग जे हसू फुटलं! लेखापाल टेबलावर थापा मारत होते. ऐकू आलेल्यांपैकी कुणालाच आता काही ऐकू आलेलं नव्हतं. "अगं बाई, म्हणजे दातांच्या पंपानं मारला होय भावाला!" मावशी डोळे पुसत म्हणाल्या. ती तिथेच उभी राहिली. पळून जावंसं फार वाटलं, पण राहिली.

कशीबशी खिडकीजवळ येऊन बसली, तर समोर ट्रे आला.

"बसू का, कॉम्प्रेसरवाल्या बाई?"

तिला मान वर करवेना. "पियानो...?"

"सकाळी फोन केला होता. दुसऱ्याला दिलाय त्यांनी." तो ट्रे ठेवून बसला. "पुढच्या वर्षी पुन्हा लावावा लागेल, म्हणाले. पियानो सुरातून उतरतातच."

"मला माफ..."

"थांबा." तो बसला होता, तो उठला. या वेळी त्यानं टेबलाला उलटा वळसा घातला. ती त्याच्या डाव्या हाताला आली. केस मागे सारून त्यानं कान मोकळा केला. त्यात ते छोटंसं यंत्र होतं, जे त्यानं इथे कुणाला कधी दिसू दिलं नव्हतं.

"आता सांगा. या कानात हळू बोललेलं फारसं येत नाही. पण कोण बोलतंय यावर असतं."

ती वाकली. माफी मागायची होती. तोंडून निघालं ते वेगळंच, अगदी हळू, दोनच शब्द. सांगून झाल्यावर तिनं दोन्ही हातांत चेहरा लपवला.

"ऐकू... आलं?" तिनं बोटांमधूनच विचारलं.

"आलंसं वाटतंय," तो म्हणाला. त्याचे डोळे पूर्ण मिटलेले होते. "पण एकदा ऐकून खात्री धरू नये म्हणतात. पुन्हा सांग."