डाव्या खांद्याचा पट्टा

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी तामलवाडीला यावं. आमच्या शेडचं कुलूप मी स्वतः उघडून देईन. आत मात्र येणार नाही.

गोष्ट मागच्या डिसेंबरची. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

माझा धाकटा भाऊ योगीराज राष्ट्रीय स्पर्धेत टूरिंग कार पळवायचा. म्हणजे रस्त्यावरचीच गाडी, पण आतून मोकळी करून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेली. बाकीच्यांच्या मागे कंपन्या होत्या. आमच्याकडे मेकॅनिक ईरण्णा, चालवायला योगी आणि पट्टे आवळायला मी. हेल्मेट, हातमोजे घातलेल्या माणसाला स्वतःला नीट बांधून घेता येत नाही. ते दुसऱ्यानं करावं लागतं.

मी दारातून वाकून बक्कल लावायचे आणि उजव्या खांद्याचा पट्टा ओढायचे. डावा माझ्यापासून लांबचा, तेवढा तो स्वतः ओढून घेतो, असं मी धरून चालले होते. बघावं तेव्हा तो घट्टच असायचा.

चेन्नईच्या पहिल्या शर्यतीनंतर योगीनं सूट काढला...

खांद्यावर काळानिळा वळ.

पट्टा लई आवळतीस, म्हणून तो कुरकुरला. मी त्याला लाडोबा म्हणून चिडवलं, पण पुढच्या वेळी उजवा जरा सैल ठेवला. वळ तरीही उठला. दर शर्यतीला जास्त गडद.

गाडी मात्र जिंकत होती. कोइमतूरच्या शेवटच्या शर्यतीआधी योगी गुणांत पहिला होता. नुसती शर्यत पुरी केली तरी विजेतेपद आमचं. आनंदानं मला जेवण जात नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी नवी सीट नीट बसते का ते बघायला योगी शेडमध्ये गाडीत बसला. ईरण्णा जेवायला गेलेला. इंजिन बंद. हेल्मेट नाही. मी उजवा पट्टा ओढला.

"डावा ढिला कर की. श्वास घेता येईना."

"डाव्याला मी हातच लावला न्हाय. तो तू ओढतोस ना?"

तो हसला. मग हसू थांबलं.

"ताई... वर्षभर मी एकदापण ओढला न्हाय."

बाहेर सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज बंद झाला होता. कधी, ते कळलं नाही.

सर्र...

पट्टा आपणहून बोटभर सरकला. माझ्या डोळ्यांसमोर. योगी सीटमध्ये रुतला. मी बक्कल फिरवलं. फिरलं, पण सुटलं नाही.

सर्र...

त्याचे ओठ निळे पडायला लागले. तो माझ्याकडे बघत नव्हता. मान डावीकडे वळवून, शेजारची सीट काढलेल्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

अपघातात लागेल म्हणून पिंजऱ्याला अडकवलेली सुरी काढून मी डावा पट्टा कापत सुटले. एकदाचा तुटला.

कापलेलं टोक खाली पडलं नाही...

हवेत ताणलेलं राहिलं. मग सावकाश ढिलं झालं.

आता बक्कल सुटलं. योगीला मी काखेत धरून बाहेर ओढलं. कोइमतूरला आम्ही गेलो नाही. विजेतेपद दुसऱ्याला गेलं. गावात लोक म्हणतात, पोरगा घाबरला. म्हणू देत. माझा भाऊ जिवंत आहे, एवढंच मला पुरे होतं.

पण अजूनही कधीकधी योगी जेवायला खुर्चीवर बसतो आणि उठतच नाही. छाती दबलेली, तोंडातून शब्द नाही. नुसता माझ्याकडे बघतो. मी जाते, त्याच्या खांद्यापाशी काहीतरी सोडल्यासारखे हात करते. मग तो उठतो. आईला वाटतं, आमची थट्टा चाललीय.

परवा मी तसाच हात नेला...

आणि बोटांना पट्टा लागला. घट्ट.

सुटला. पण फार वेळ लागला. आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातानं सुटत नाही. आईला करायला सांगून बघितलं, योगी जागचा हलला नाही.

माझी लातूरला बदली झाली आहे. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. घरात मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.