चेहरा टिपला

रविवारी दुपारी भारनियमनाची वेळ झाली आणि भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या संपदाच्या हॉलमधला पंखा गरगरत थांबला. तिने खिडक्या सताड उघडल्या, जागृतीपुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "वाच."

जागृती भाईंदर गावातली. आठवडाभर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळायची, बाहेरून एम.ए. करायची आणि सुट्टीच्या दिवशी संपदाकडे मराठी शिकायला यायची. आज रसग्रहणाला युद्धाचे फोटो काढणाऱ्यावरची एक आधुनिक कविता होती. तिने शेवट वाचला.

"धुरातून तिने हात पुढे केला.
मी तिचा चेहरा टिपला."

"गाइडात दिलंय मॅडम, समोर माणूस मरतोय आणि हा फोटो काढतोय. म्हंजे तो निर्दय हाय."

संपदाच्या कपाळाला आठी पडली. भिंतीवर तिच्या भावाने, परागने, काढलेला शेवटचा फोटो होता. मोडक्या घराच्या दारात एक बाई, चेहरा काजळीने माखलेला, हात पुढे केलेला. परदेशातल्या युद्धात हा फोटो काढल्यावर तिथेच पराग गोळी लागून गेला. फोटो छापून आला आणि सगळ्यांना एकदम माणुसकीचा पुळका आला. फोटो काढण्याऐवजी त्याने तिला पाणी तरी द्यायचं होतं, असं म्हणणाऱ्यांत सख्खा मामाही होता. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे या लोकांच्या चांगलंच पथ्यावर पडतं. संपदा मात्र जिवंत होती आणि पुरती खमकी होती.

"गाइड मिट," ती म्हणाली. "टिपणं म्हणजे काय?"

"फोटो काढणं. बंदुकीनं टिपतात, ते पण." जागृती अडखळली. "आणि आई पदरानं डोळे टिपते, ते?"

संपदाने ती ओळ पुन्हा वाचली. चेहरा टिपला. ओल्या रुमालाने टिपला. जन्मभर मराठी शिकवून आपल्याला हे सुचू नये, याचा तिला स्वतःचाच राग आला.

"हेच लिही. त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि तिचा चेहरा पुसला."

"कवीला तसं म्हणायचं न्हाय, मॅडम. मार्क जातील."

"जाऊ देत. कवी तिथे नव्हता. माझा भाऊ होता."

जागृती लिहू लागली. थोड्या वेळाने तिने मान वर केली. "कुणी कचरा पेटवलाय का?"

संपदाने खिडकीतून खाली पाहिलं. धूर कुठेच नव्हता. बाहेर खाडीच्या चिखलाचा रोजचाच वास येत होता. जळक्या रबराचा वास हॉलमध्ये होता.

"मॅडम, त्या बाईचा गाल मघाशी काळा होता ना?"

फोटोतल्या बाईच्या गालावर, काजळीतून, बोटभर रुंदीचा स्वच्छ पट्टा उमटला होता. संपदाने ओढणीने काच घासली. काच स्वच्छच होती. पट्टा काचेच्या आत होता.

जागृतीने घाईघाईने वही पिशवीत कोंबली. "तुम्ही पण चला आमच्याकडं. इथं नका थांबू."

"तू जा," संपदा म्हणाली. "मला बघायचंय."

दार लागलं. संपदा फोटोसमोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "त्याने कॅमेरा खाली ठेवला."

फोटोत, उंबऱ्याशी, कॅमेरा दिसू लागला.

"आणि तिचा चेहरा टिपला."

आता पराग होता. पाठमोरा, गुडघ्यांवर बसलेला, बाईच्या गालाला रुमाल लावलेला. डोक्यावरचा दुहेरी भोवरासुद्धा त्याचाच. संपदाला रडू फुटलं. मामाला आत्ताच्या आत्ता इथे आणून उभं करावं, असं तिला वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं. कॅमेरा तर खाली ठेवलेला आहे. हे सगळं बघतंय कोण?

फोटोत, अगदी पुढे, जमिनीवर एक सावली पडली होती. तिच्या हातात काहीतरी लांब होतं.

सावली चौकटीपाशी संपत नव्हती. ती भिंतीवरून उतरून लाद्यांवरून हॉलच्या मध्यापर्यंत गेली होती. तिथे कोणी नव्हतं.

पराग अजून पाठमोराच होता.

संपदा वळली. फोटोला पाठ टेकवून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आता नाही," ती म्हणाली. "आधी मी आहे."

समोर, रिकाम्या हॉलमध्ये, कोणीतरी नेम धरून श्वास रोखला.