पाटावरची मूठभर वाळू

"पोलीस नकोत हो, वहिनी," सुयश देवस्थळी मृणालिनीपुढे काकुळतीला आला होता. "अमेरिकेच्या बाई दुपारी पोचतायत. तोवर टोपली मिळाली तर ठीक, नाहीतर हमीदाला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागेल. मग तिचा व्हिसा खलास."

ऑफिसच्या कोपऱ्यात हमीदा बसली होती. दापोलीची बाई, सहा वर्षं या कारखान्यात साफसफाई करत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

मृणालिनी गद्रे विमा कंपन्यांसाठी चौकशा करायची. नवरा विजयकुमार गाडी चालवायचा आणि निष्कर्ष काढायचा. गाडी तो चांगली चालवायचा.

साल १९९८. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात सुयशचा लाकूडकामाचा कारखाना होता. अमेरिकेतली एक आदिवासी जमात स्वतःच्या मालकीचं कॅसिनो-रिसॉर्ट बांधत होती. कमाईतून जमातीचा दवाखाना आणि शाळा चालणार होती. तिथल्या मोठ्या दालनाचं कोरीव पॅनेल सुयशकडे होतं. नमुना म्हणून जमातीच्या वेराबाईंनी आपल्या आजीने विणलेली पूजेतली टोपली विश्वासाने पाठवली होती. आजी हयात नव्हती. तशी टोपली आता कुणाला विणता येत नव्हती.

"जुगाराला बंदी असलेल्या देशात कॅसिनोची नक्षी! कमाल आहे," विजयकुमार म्हणाला.

"तू कपाट बघ," मृणालिनी म्हणाली.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतल्या फळीवर एक स्वच्छ धुतलेला पाट आणि त्यावर मूठभर ओलसर वाळू. वाळूत शिंपल्यांचे बारीक तुकडे होते.

"चोराच्या बुटातली," विजयकुमारने लगेच निकाल दिला.

"चोर बूट घालून कपाटात चढला होता का रे?"

किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, साफसफाईला आत आली ती फक्त हमीदा. आज शनिवारी सकाळी सुयशने कपाट उघडलं आणि बोंब झाली.

"मी कपाटाला हातपण लावला नाही, बाई," हमीदा म्हणाली. "दुपारी आले तेव्हा उदबत्तीचा वास येत होता. आणि फ्रीजमधलं माझं दही कुणीतरी संपवलेलं. म्हटलं, मेल्यांना माझंच दही दिसतं!"

डिझायनर निनाद अस्वस्थ होता. "माझ्यावर संशय आहे का, मॅडम? मी शुक्रवारी दुबईला होतो."

ऑफिसच्या भिंतीवर टोपलीचा फोटो होता. मृणालिनीने त्यावर बोट ठेवलं. "या गोल वेलीत इथे फट आहे. पॅनेलवर मात्र वेल पुरी जुळलीय."

"ती विणकामातली चूक असणार. मी ड्रॉइंगमध्ये करेक्ट केली. क्लायंटला फिनिशिंग लागतं ना."

"मेस्त्रींना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचं? ते ड्रॉइंगवरूनच कोरतात. टोपली फक्त विणीचा पोत बघायला. देवाची आहे, जपून हाताळा, एवढं सांगितलं होतं."

दौलत मेस्त्री कुडाळकडचे. कारखान्यामागच्या खोलीतच राहायचे. पॅनेल त्यांनी गुरुवारी संध्याकाळी पुरं केलं होतं. इतकं देखणं काम, पण आज ते त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"काल कुठे होता, मेस्त्री?"

"सुट्टी होती. जरा फिरून आलो."

"टोपली कुणी नेली असेल?"

मेस्त्री पटाशी पुसत राहिले. "देवाची वस्तू ती. तिला कोण चोरील?"

वेराबाई आल्या तेव्हा मृणालिनीने सगळ्यांना पॅनेलपाशी बोलावलं. बाईंनी आधी आपली टोपलीच मागितली. मृणालिनी त्यांच्यासाठी इंग्रजीत आणि बाकीच्यांसाठी मराठीत बोलू लागली.

"चोरी झालेलीच नाही. चोर पाट धुऊन ठेवत नाही. विजय, गणपती बोळवून परत येताना पाटावर काय आणतात?"

"वाळू!" विजयकुमारने कपाळावर हात मारला. "अगं, आपण इथे बालदीत विसर्जन करतो. विसरलोच मी!"

"उदबत्ती पूजेची. दही शिदोरीच्या दहीभाताचं. शिंपल्यांची वाळू समुद्राची. देव जिथे होता तिथे ती आणून ठेवलीय. कुणीतरी टोपलीचं रीतसर विसर्जन केलंय. आपल्याकडे खंडित देव घरात ठेवत नाहीत. टोपली खंडित आहे असं कुणाला वाटेल? ज्याने पुरी वेल कोरली आणि मग टोपली शेजारी धरून पाहिली, त्याला."

मृणालिनी मेस्त्रींकडे वळली. "सुयश हमीदाला पोलिसांकडे देतोय, मेस्त्री. तुम्हाला माहीत होतं?"

मेस्त्री ताडकन उठले. "हमीदाला? तिचा काय संबंध? मला कुणी सांगितलं नाही हो! माझ्या हातून मोडली ती. गुरुवारी बघितलं तर वेल तुटलेली. परक्यांचा देव आपल्या हातून भंगला, म्हणून काल सकाळी अल खानच्या समुद्रावर नेली. नारळ दिला, शिदोरी दिली. सांगायचं धाडस नाही झालं."

निनादचं तोंड उतरलं. मृणालिनीने ते सगळं वेराबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत बाई?" मेस्त्रींनी विचारलं.

आजवर प्रत्येक उकल मृणालिनीने मिरवत सांगितली होती. ही सांगायला तिची जीभ रेटेना. पण पॅनेल तसंच जाऊन चालणार नव्हतं.

"म्हणतायत, आजी प्रत्येक टोपलीच्या वेलीत अशी वाट सोडायची. आतल्या देवाला ये-जा करायला."

"म्हंजे ती मोडलेली नव्हती?"

"नाही, मेस्त्री."

"चांगला धडधाकट देव मी बुडवला." मेस्त्री म्हणाले.

वेराबाईंनी विचारलं, शिदोरी म्हणजे काय? मृणालिनीने सांगितलं, वाटेत भूक लागली तर खायला. बाईंनी मान फिरवून डोळे टिपले.

हमीदाने पाण्याचा ग्लास आणून मेस्त्रींच्या हातात दिला. "प्या," ती म्हणाली, "आणि दही घेताना मला विचारायचंत तरी."

मेस्त्री पाणी प्यायले. मग पटाशी घेऊन पॅनेलपाशी गेले आणि मृणालिनीला म्हणाले, "बाईंना विचारा, वाट नेमकी कुठे होती."

वेराबाईंनी आपल्या बोटाने ती जागा दाखवली.