डब्यातली चापट

शुक्रवारी सकाळी जुईली ढमाले पौडजवळच्या कासार आंबोली गावातल्या बंगल्यावर पोहोचली, तेव्हा तिथे बाळ सांभाळणारी लिलाबाई पायरीवर ठाण मांडून बसली होती.

"कामावरनं काढलंय ना तुम्हाला?" जुईलीने विचारलं.

"काढलंय. पर मी हलत न्हाई. लेकराला मारलं म्हनं मी! आमच्या वाडीत ही गोष्ट गेली तर मला कोन दारात उभं करंल? खोटं बोलनाऱ्यानं आधी माझ्याम्होरं बोलावं."

पौडला खाजगी तपासाचं ऑफिस थाटल्यापासून जुईलीकडे जमिनीच्या भानगडीच जास्त यायच्या. बाळाच्या गालावरची चापट शोधायचं काम पहिलंच. तिचा मावसभाऊ शेखर गाडी चालवायचा आणि सल्ले द्यायचा. सल्ले बहुधा चुकायचे, पण तो देणं काही थांबवत नसे.

बोलावलं होतं बाळाच्या आईने, अपेक्षाने. ती हिंजवडीत नोकरी करायची. काल कंपनीच्या कॅबने ऑफिसला गेली होती. नवरा निरंजन वरच्या खोलीतून घरूनच काम करत होता.

"ह्या डब्यातून त्याने चापट ऐकली म्हणे," अपेक्षाने हातातला बेबी मॉनिटर दाखवला; बाळाच्या खोलीतला आवाज त्यात ऐकू यायचा. "निरंजनला कॅमेरा हवा होता, ऑफिसातूनही बघता येईल असा. मी म्हटलं, माझ्याच घरात बाळाला पाजताना माझ्यावर कुणाचा डोळा नको. भांडून आवाजाचा घेतला. चार मॉडेल बघितली, माहितीचं प्रत्येक पान वाचलं. आता लिलाबाई मावशी गेल्या तर मला नोकरी सोडावी लागेल. निरंजनने तर माझ्या राजीनाम्याचा विषय कालच काढला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मावशी मारणार नाहीत. पण गालावर वळ होते हो! निरंजनने काल पाठवलेला फोटो आहे."

जुईलीने फोटो मोठा करून पाहिला. तान्ह्या गालावर लाल रेघा होत्या. सरळ, एकमेकींना समांतर, आणि जागोजागी तुटलेल्या.

बाळाच्या खोलीत पाळण्याजवळ मॉनिटरचा दुसरा डबा होता. जुईलीने तो उलटा करून पाहिला. सेल घालायला जागाच नव्हती. वायर सरळ भिंतीतल्या प्लगला गेली होती. पाळण्यात लिलाबाईने शिवलेली गोधडी अंथरलेली होती. जुईलीने तिच्यावर मनगट दाबून धरलं, मग उचलून निरखलं. जिन्याखाली इन्व्हर्टर दिसला.

"ह्याच्यावर काय काय चालतं?"

"पंखे, दिवे आणि वरच्या खोलीतलं इंटरनेट," अपेक्षा म्हणाली. "बाकीचे प्लग ह्याच्यावर नाहीत."

बागेत माळीकाम करणारा पप्पू भेटला.

"काल दुपारी आरडाओरडा ऐकलास?"

"न्हाई बा. मी आंब्याखाली पडलो हुतो. मोटर चालत न्हवती, झाडांना पानी कुटनं घालनार? सांजच्याला घातलं."

"मोटर बिघडली होती?"

"बिघडंल कशाला? काल बेस्तरवार न्हवता का?"

"कामचुकार आहे," शेखर कुजबुजला. "हाच काहीतरी लपवतोय."

वरच्या खोलीत निरंजन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मॉनिटर माझ्या टेबलावर होता. मीटिंगमध्ये सारखा टिट टिट करत होता म्हणून आवाज बंद केला. जेवायच्या वेळी पुन्हा मोठा केला, तर चापट ऐकू आली. मग बाईची शिवी. खाली धावलो तर गालावर वळ."

"टिट टिट का करत होता?"

"मला काय माहीत! ते खेळणं हिने निवडलंय. मी हातसुद्धा लावत नाही."

जुईलीने सगळ्यांना पायरीपाशी बोलावलं. लिलाबाई उठली नाही म्हणून बाकीचेच तिच्यासमोर उभे राहिले.

"आधी वळ," जुईली म्हणाली. "बोटांचे वळ सलग उठतात. हे तुटक आहेत, टाक्यांसारखे. माझं मनगट बघा."

अपेक्षाने मनगट बघितलं. तशाच तुटक रेघा होत्या.

"बाळ गोधडीवर कुशीला झोपलं होतं. टाके गालावर उमटले, बस्स. आता आवाज. काल गुरुवार. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी आपल्याकडे दिवसभर लाईट जाते, म्हणून मोटर बंद होती. पप्पू कामचुकार नाही, शेखर."

शेखरने पप्पूकडे बघून ओशाळं हसू आणलं.

"पण इन्व्हर्टरमुळे निरंजनरावांच्या डोक्यावरचा पंखा फिरत राहिला. लाईट गेल्याचं त्यांना कळलंच नाही. पाळण्याजवळचा डबा मात्र नुसत्या प्लगवर चालतो. तो सकाळपासून मेलेला होता. बॅटरीवरचा वरचा डबा तेच ओरडून सांगत होता. अपेक्षाताई, तुम्ही पानं वाचलीत. टिट टिट कधी होतं?"

"दुसऱ्या डब्याशी संपर्क तुटला की," अपेक्षा सावकाश म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तुला काहीच ऐकू आलं नव्हतं. येणं शक्यच नव्हतं."

निरंजनने मान खाली घातली. "जेवायला उतरलो तेव्हा गाल दिसला. वाटलं, बाई गेली की तू घरी राहशील. बाळाला आई हवी."

"बाळाला आई आहे. सोमवारी ती ऑफिसला जाणार आहे, आणि बाळ मावशींकडे राहणार आहे. तुला पटत नसेल तर तू दे राजीनामा!" अपेक्षा म्हणाली. तिने मॉनिटर पायरीवर ठेवला.

निरंजन लिलाबाईकडे न बघता पुटपुटला, "चुकलं माझं."

"असं न्हाई," लिलाबाई म्हणाली. "तुमी डब्यातनं माझं नाव घालवलं. आता आत जावा, पाळन्याजवळच्या डब्यात बोला. आमी सगळी हितं ऐकतो. माझं नाव घेऊन बोला."

निरंजन घुटमळला. अपेक्षाने दाराकडे बोट दाखवलं. तो आत गेला.

पप्पू हातातलं खुरपं टाकून जवळ सरकला. हिरवा दिवा लुकलुकला आणि डब्यातून घोगरा आवाज आला.

"लिलाबाईंनी बाळाला मारलं नाही. मी खोटं बोललो. लिलाबाई, मला माफ करा."

त्याच्या आवाजाने बाळ जागं झालं आणि डब्यातून रडणं ऐकू येऊ लागलं.

लिलाबाई पदर खोचून उठली. "सरा," ती म्हणाली, "लेकरू भुकेजलंय," आणि पुढच्या दाराने आत गेली.